उंदरांचा कुष्ठरोग आणि एका नावाची शिक्षा

इथे नालासोपाऱ्यात एखाद्या भटक्या मांजराच्या तोंडावर गाठी, जखमा दिसल्या की लगेच कुणीतरी म्हणतं, ‘हात लावू नका, महारोग झालाय.’ आज आम्ही या एका शब्दाबद्दलच बोलणार आहोत.

उंदरांना आणि मांजरांना कुष्ठरोगासारखा त्वचारोग खरोखरच होतो. त्याच्या जंतूचं नाव मायकोबॅक्टेरियम लेप्रिम्युरियम. १९०३ साली स्टेफान्स्की यांनी ओडेसा बंदरातल्या उंदरांमध्ये हा रोग पाहिला. मुंबईत प्लेगची लस तयार करणारे हाफकिन मूळचे याच ओडेसाचे. माणसाच्या कुष्ठरोगाचा जंतू हान्सेन यांनी नॉर्वेत १८७३ मध्येच शोधला होता. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही जंतू सारख्याच लाल काड्यांसारखे दिसतात. म्हणून उंदरांच्या रोगालाही कुष्ठाचंच नाव चिकटलं.

पण जंतू वेगळे आहेत. मांजराला हा रोग बहुधा उंदराच्या चाव्यातून होतो. माणसाला त्यापासून कुष्ठरोग होत नाही. आपल्या न्यायशास्त्रात उपमानाचं उदाहरण आहे ना, गाईसारखा दिसतो तो गवय! त्या सारखेपणावरून गवय ओळखायचा असतो, त्याला गाय म्हणायचं नसतं. संशोधकांनी हे नीट पाळलं. माणसाचा जंतू प्रयोगशाळेत वाढेना, तेव्हा कित्येक वर्षं त्यांनी उंदरांच्या रोगावर औषधं तपासली; पण दोन रोग एक आहेत असं मानलं नाही.

समाजाने मात्र हा विवेक ठेवला नाही. पोवाडे गोळा करणारे मुंबईचे आयुक्त अ‍ॅक्वर्थ यांनी १८९० मध्ये माटुंग्याला कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उभारलं. १८९८ च्या कायद्याने निराधार रुग्णांना पकडून डांबण्याची मुभा दिली. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला आणि रोग बरा होऊ लागला. तरीही २०१९ पर्यंत कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं! म्हणजे औषध आलं, रोग बरा झाला, पण नाव काही सुटलं नाही.

तेव्हा मंडळी, मांजराला जखम दिसली तर पशुवैद्याकडे न्या. आणि स्वतःच्या अंगावर बधिर, फिकट चट्टा दिसला तर लपवू नका, सरकारी दवाखान्यात जा. औषध फुकट मिळतं.