‘गो’ : एका शब्दाचे गोत्र

शहरातील मंगल कार्यालयात होणाऱ्या विवाहाच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘गोरज मुहूर्त’ हे शब्द आजही आढळतात. चरून परतणाऱ्या गुरांच्या खुरांनी उडणारी धूळ म्हणजे गोरज आणि ती उडण्याची वेळ म्हणजे सूर्यास्ताची. कार्यालयाभोवती आता वाहनांचीच धूळ असते. वेळ सांगणारा शब्द मात्र गुराख्याच्या दिनक्रमातून आलेला आहे. संस्कृतातील ‘गो’ या शब्दाची अशी अनेक अपत्ये मराठीत वावरत असून त्यांतील बहुतेकांचे मूळ बोलणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

‘गो’ म्हणजे केवळ गाय नव्हे. अमरकोशाच्या नानार्थवर्गात या शब्दाचे स्वर्ग, बाण, पशू, वाणी, वज्र, दिशा, नेत्र, किरण, भूमी आणि जल असे दहा अर्थ दिले आहेत. वैदिक शब्दांचा संग्रह असलेल्या ‘निघंटू’चा आरंभच ‘गौः’ या शब्दाने होतो आणि तेथे तो पृथ्वीच्या एकवीस नावांपैकी पहिला आहे. ‘निरुक्त’कार यास्काने त्याचा संबंध ‘जाणे’ या अर्थाच्या धातूशी जोडला. आधुनिक भाषाशास्त्र मात्र फारसीतील ‘गाव’, इंग्रजीतील ‘काऊ’ आणि लॅटिनमधील ‘बोस’ या शब्दांना ‘गो’चे सगोत्र मानते. हे सारे शब्द एकाच प्राचीन मूळ शब्दापासून निघालेले आहेत.

अनेकार्थामुळे एकाच नावाचे दोन-दोन अर्थ लागतात. ‘गोविंद’ म्हणजे गायी मिळविणारा. पण वराहरूपाने पृथ्वी शोधून काढणारा, असाही त्याचा अर्थ महाभारतात सांगितला आहे. ‘गोस्वामी’ म्हणजे गायींचा धनी, तसाच इंद्रियांचा स्वामी. त्यापासूनच मराठीतील ‘गोसावी’ हा शब्द आला आणि महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’त तो चक्रधरस्वामींसाठी आदराने योजला गेला. ‘गोचर’ म्हणजे मुळात गायींचे कुरण. पुढे इंद्रियांचे जेथवर चालते ते क्षेत्र, असा त्याचा अर्थ झाला. ‘दृग्गोचर’ आणि ‘अगोचर’ हे शब्द या दुसऱ्या अर्थातून आले.

पशुपालक समाजात गाय हेच धन होते, याच्या खुणा भाषेत स्पष्ट उमटल्या आहेत. ‘गविष्टी’ म्हणजे गायींची इच्छा. वेदात हाच शब्द युद्धाच्या अर्थानेही येतो. विद्यापीठीय वर्तुळात संशोधनाला दिले जाणारे ‘गवेषणा’ हे भारदस्त नाव मूलतः गायींच्या शोधाचे आहे. ऋग्वेदात ‘गोत्र’ म्हणजे गायींचा वाडा. एका वाड्यात गुरे बांधणाऱ्यांचे कूळ एक, या कल्पनेतून पुढे कुळालाच तो शब्द लागला. गायी उभ्या राहण्याची जागा ती ‘गोष्ठ’. तिच्यापासून मराठीत ‘गोठा’ आला. लोक एकत्र जमून बोलू लागले, ती ‘गोष्ठी’ झाली आणि तिचीच मराठी ‘गोष्ट’. गोठा आणि गोष्ट ही अशी एकाच घरची भावंडे आहेत.

गायीचा डोळा तो ‘गवाक्ष’. हा शब्द खिडकीला लागला आणि कार्ले, भाजे येथील चैत्यगृहांच्या दर्शनी भागावरील नालाकृती कमानींनाही कलेतिहासात हेच नाव आहे. त्याहून अनपेक्षित कथा ‘गुप्त’ या शब्दाची. ‘गोपा’ म्हणजे गायी राखणारा. त्यावरून राखणे, रक्षण करणे या अर्थाची क्रिया तयार झाली आणि तिच्यातून ‘गुप्’ हा धातू घडला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. ‘चंद्रगुप्त’ म्हणजे चंद्राने रक्षिलेला, हा जुना अर्थ त्या नावात टिकून आहे. जे राखायचे ते झाकून ठेवायचे, या ओघाने पुढे ‘गुप्त’ला लपविलेले हा अर्थ आला. सरकारी पाकिटावरील ‘गोपनीय’ या शिक्क्याचा उगमही अशा रीतीने गुराख्यापर्यंत पोहोचतो.

अर्थात, ‘गो’ने सुरू होणारा प्रत्येक शब्द या गोत्रातला नाही. ‘गोड’ हा गुळाच्या ‘गुड’शी नाते सांगतो, तर ‘गोरा’ हा ‘गौर’ या वर्णवाचक शब्दापासून आला. केवळ ध्वनिसाम्यावरून काढलेली व्युत्पत्ती अनेकदा फसवी ठरते.

खुद्द ‘गाय’ या शब्दाचा इतिहासही बोलका आहे. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील पतंजलीने ‘महाभाष्या’च्या आरंभी शुद्ध-अशुद्ध शब्दांच्या चर्चेसाठी हेच उदाहरण घेतले. ‘गौः’ हा एकच साधू शब्द. गावी, गोणी, गोता, गोपोतलिका हे त्याचे अपभ्रंश, असे त्याने नोंदविले. मराठी ‘गाय’ आली ती यांतल्या ‘गावी’च्या वंशातून, प्राकृतातील ‘गाई’मार्गे. दोन हजार वर्षांनंतर शुद्ध ‘गौः’ समासांत आणि ग्रंथांत उरला आहे; दावणीला बांधलेल्या जनावराला हाक मारताना लोकांच्या तोंडी राहिला तो वैयाकरणांनी अशुद्ध ठरविलेलाच शब्द.