इकडचं पारडं, तिकडचं पारडं : धर्मानंद कोसंबींचा हिशेब

व्याख्यान संपलं की प्रश्नोत्तरांत एक प्रश्न हमखास येतो, विषय कुठलाही असो. आपण स्पिनोझावर बोललेलो असतो आणि मागच्या रांगेतला मुलगा विचारतो, ‘सर, बाहेर जावं की इथेच राहावं?’ पालक विचारतात तेव्हा प्रश्न थोडा बदलतो : ‘मुलगा परत येईल का हो?’ माझ्याकडे सल्ला नाही. पण हा ताजवा पूर्वी कोणी कोणी हातात धरला, त्यात काय घातलं, हे सांगता येईल. आज मुख्यतः एका माणसाबद्दल बोलू : धर्मानंद कोसंबी.

जन्म १८७६ चा, गोव्यातल्या साखवाळचा. शाळेचं शिक्षण जेमतेम. मराठीत बुद्धाविषयी जे हाताला लागलं ते वाचून या तरुणाने ठरवलं, की बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा. १८९९ च्या अखेरीस तो घर सोडून पुण्याला आला. आता इथेच एक गंमत पाहा. गोवा तेव्हा पोर्तुगिजांचा, पुणे इंग्रजांचं. म्हणजे साखवाळहून पुण्याला येणं हेच कायद्याच्या भाषेत परदेशगमन! पण भाषेने, पोथ्यांनी, मनाने पुणे परकं नव्हतं. ‘आपला देश’ हा शब्द आपण आज पासपोर्ट समोर ठेवून वापरतो. कोसंबींच्या पिढीला तो इतका सोपा नव्हता. पुढचा सगळा हिशेब समजून घेताना हे लक्षात असू द्या.

पुण्याहून ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बुद्धगया. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. बुद्धाच्या जन्मभूमीत बुद्ध शिकवणारं कोणी नाही हे तिथे कळलं, आणि १९०२ मध्ये ते श्रीलंकेत पोचले. कोलंबोच्या विद्योदय विहारात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली पाली शिकले. मग ब्रह्मदेश. म्हणजे पहिला परदेश त्यांनी पैशासाठी केला नाही, पदवीसाठी तर नाहीच. जी विद्या एके काळी इथून तिकडे गेली होती ती परत आणायला गेले. ‘ब्रेन ड्रेन’ हा शब्द आपल्या तोंडी सहज येतो. इथे पाणी उलटं वाहत होतं.

१९०६ मध्ये परतले. कलकत्त्याला पाली शिकवण्याचं काम मिळालं, विद्यापीठात बस्तान बसू लागलं. आणि तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी एक विलक्षण देकार दिला : महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात राहा, दरमहा ५० रुपये देऊ, वर्षाला एक पुस्तक लिहून द्या. कलकत्त्यात याहून कितीतरी अधिक मिळत होतं. कोसंबींनी ५० रुपये घेतले. का? तर पालीचं काम मराठीत, मराठी माणसांत व्हावं म्हणून. आपण हा प्रसंग ऐकला की लगेच ‘त्याग’ म्हणतो, टाळ्या वाजवतो. मला तो शब्द इथे पटत नाही. त्याग म्हणजे हवी असलेली वस्तू सोडणं. या माणसाला हवं होतं ते पुण्यात होतं आणि तो पुण्याला आला. सरळ हिशेब आहे. फक्त एकक रुपया नाही.

आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांची ही जुनी अडचण. दोन गोष्टी तोलायच्या तर दोन्ही पारड्यांना चालेल असं एक वजन लागतं. बेंथम म्हणाला, सुख हे ते वजन. पण आईच्या आजारपणात उशाशी असणं आणि उत्तम ग्रंथालयाची किल्ली खिशात असणं, यांना एकच माप कसं लावणार? आपण लावतो, कारण लावावं लागतं. आणि मग जे माप हाताशी असतं, म्हणजे पगार, तेच सगळ्याला लावतो.

पण कोसंबींची गोष्ट ‘परत आले आणि इथेच राहिले’ अशी नाही, म्हणून तर मी ती निवडली. याच काळात हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांची गाठ पडली. हार्वर्डमध्ये बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम अडून राहिलं होतं. हेन्री वॉरन या अमेरिकन पंडिताने ते सुरू केलं आणि १८९९ मध्ये तो वारला. ते पुरं करायला पाली आतून जाणणारा माणूस हवा होता. १९१० मध्ये कोसंबी अमेरिकेला गेले. तिथे चार्ल्स लॅनमन या थोर संस्कृतज्ञाबरोबर काम केलं, आणि ग्रंथावर संपादक म्हणून नाव कोणाचं, या प्रश्नावर दोघांचं बिनसलं. कोसंबी १९१२ मध्ये परत आले.

इथे थोडं थांबतो. परदेशात अपमान दोन प्रकारचे असतात. एक रस्त्यावरचा, तो दिसतो, त्याची बातमी होते. दुसरा टेबलावरचा. काम तुमचं, ज्ञान तुमचं, पण तुम्ही ‘साहाय्यक’. हा दुसरा अपमान अतिशय सभ्य असतो, चहा पाजून केलेला असतो, आणि तो इथे होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्या विद्यापीठांत चाळीस वर्षं काढल्यावर तसं म्हणायला जीभ रेटत नाही.

परतल्यावर फर्ग्युसन कॉलेजात सहा वर्षं पाली शिकवलं. मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळालं त्यामागे डॉ. भांडारकरांचं वजन होतं तसे कोसंबींचे कष्टही होते. पु. वि. बापटांसारखे विद्यार्थी याच काळातले. बापट पुढे स्वतः हार्वर्डला जाऊन डॉक्टरेट घेऊन आले. आणि मग १९१८ मध्ये कोसंबी पुन्हा हार्वर्डला. जिथे बिनसलं होतं तिथेच! मान गिळला म्हणायचं का? मला वाटतं, ग्रंथ अपुरा होता, एवढंच. १९२२ ला परत, मग गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात. १९२६ ला पुन्हा हार्वर्ड. १९२९ ला लेनिनग्राड. १९३० ला मिठाच्या सत्याग्रहात, तुरुंगात. १९३१ ला चौथ्यांदा हार्वर्ड. जहाजाचे दिवस होते हे, अमेरिका म्हणजे कित्येक आठवड्यांचा प्रवास. हा माणूस कुठे ‘स्थायिक’ झाला ते सांगा बघू!

आता दुसरी बाजू, जी व्याख्यानांत सहसा येत नाही. १८९९ मध्ये घर सोडलं तेव्हा घरात पत्नी होती, बाळाबाई, आणि तान्ही मुलगी, माणिक. सात वर्षं हा माणूस परतला नाही. १९१८ ला जाताना माणिक आणि मुलगा दामोदर यांना बरोबर नेलं. बाळाबाई धाकट्या मुलींना घेऊन इथे राहिल्या. धर्मानंदांनी ‘निवेदन’ हे आत्मचरित्र लिहिलं, आणि ते मराठीतलं फार प्रामाणिक पुस्तक आहे. बाळाबाईंनी ‘निवेदन’ लिहिलं नाही. ताजवा धरणारा एक आणि पारड्यातलं वजन दुसऱ्याचं, असं कितीदा होतं! कोथरूडच्या, डोंबिवलीच्या सोसायट्यांत संध्याकाळी बाकावर बसलेले आई-वडील पाहतो तेव्हा हे आठवतं. निर्णयाच्या वेळी त्यांना विचारलेलं असतं. त्यांनी ‘जा’ म्हटलेलं असतं. ते दुसरं काय म्हणणार होते?

हेच उलटंही होतं. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे पाहा. तरुणपणी क्रांतिकार्यासाठी बाहेर पडले, गदर चळवळीत होते. इंग्रज असेपर्यंत परतणं म्हणजे तुरुंग. त्यांच्या हातात ताजवा नव्हताच. शेतीशास्त्र शिकलेले, १९२४ मध्ये मेक्सिकोला पोचले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवलं, मक्यावर संशोधन केलं. दिएगो रिव्हेराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवलं. स्वातंत्र्यानंतर ते नागपूरला आले आणि १९६७ मध्ये तिथेच गेले. आपण म्हणतो, पक्षी घरट्यात परतला. पण त्यांच्या पत्नी बेल्जियन होत्या, मुली मेक्सिकोत जन्मलेल्या. नवऱ्याचं स्वदेशी येणं हे त्या बाईंसाठी परदेशी जाणं होतं. एकाच घरातली दोन माणसं, एकच बोट, आणि दिशा उलट.

दामोदर कोसंबींचं एका वाक्यात सांगतो, खरं तर त्यांच्यावर वेगळं व्याख्यान हवं. शाळा आणि हार्वर्डची पदवी अमेरिकेत; १९२९ मध्ये भारतात आले, बनारस, अलिगढ, पुणे असं गणित शिकवलं, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले; आणि भारतीय इतिहासाकडे पाहण्याची जी नवी दृष्टी त्यांनी दिली ती पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी तुडवून, दगडी हत्यारं वेचून, म्हसोबा-वेताळांची ठाणी हिंडून. ते बोस्टनमध्ये बसून होण्यासारखं नव्हतं. त्यांच्या वडिलांचा ‘विसुद्धिमग्ग’ मात्र पुण्यात बसून होण्यासारखा नव्हता. हस्तलिखितं, पैसा, छपाई सगळं तिकडे. जागा चांगली की वाईट हे कामावरून ठरतं, आणि काम कोणतं हे आधी ठाऊक असावं लागतं. माझे जे विद्यार्थी तिकडे गेले त्यांतले अनेक हा क्रम उलटा लावतात, आणि जे इथे राहिले त्यांतलेही अनेक.

त्या ग्रंथाचं पुढे काय झालं ते सांगतो. १९४० मध्ये ‘विसुद्धिमग्ग’ मुंबईत भारतीय विद्या भवनाने छापला, देवनागरी लिपीत, कोसंबींच्या संपादनात. त्याच सुमारास त्यांचं ‘भगवान बुद्ध’ हे मराठी पुस्तक आलं. जून १९४७ मध्ये सेवाग्रामच्या आश्रमात अन्न सोडून त्यांनी देह ठेवला. हार्वर्डची रोमन लिपीतली प्रत निघाली १९५० मध्ये, म्हणजे ते पहिल्यांदा बोटीवर चढले त्याला चाळीस वर्षं झाल्यावर. तिच्या पहिल्या पानावर संपादक म्हणून वॉरनचं नाव आहे, आणि त्याखाली, सुधारून सिद्ध करणारे म्हणून, धर्मानंद कोसंबींचं.

प्रश्न असतील तर घेऊ.