दोदेची पवनचक्की : कागदावरचे घर

'पवनचक्की' म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे साताऱ्याच्या पठारांवरील वीज निर्माण करणारे मनोरे येतात. येथे अभिप्रेत आहे ती वाऱ्यावर धान्य दळणारी जुनी चक्की. युरोपात अशा बंद पडलेल्या अनेक चक्क्यांची पुढे राहती घरे झाली. त्यांतले साहित्याच्या वाचकाला सर्वाधिक परिचित घर फ्रान्सच्या दक्षिणेस, प्रोव्हाँस प्रांतातील फाँव्हिएय या गावी आहे. गंमत अशी, की ज्याचे म्हणून ते ओळखले जाते तो लेखक तेथे कधीच राहिला नव्हता.

आल्फाँस दोदे (१८४०–१८९७) याचे 'माझ्या पवनचक्कीतून पत्रे' हे पुस्तक १८६९ साली प्रसिद्ध झाले. ते उघडताच प्रथम भेटते एक खरेदीखत. पांपेरिगुस्त नामक कल्पित गावच्या नोटरीसमोर, व्हिव्हेत कॉर्नीय हिचा पती गास्पार मितिफियो आपली चक्की पॅरिसनिवासी कवी दोदे यास विकतो. वीस वर्षांहून अधिक काळ ती ओसाड आहे. रानवेली, शेवाळ आणि रोझमेरी पात्यांपर्यंत चढली आहेत. दळणास ती निकामी आहे. तरीही आपल्या काव्यलेखनास ती पुरेशी असल्याचे कवी मान्य करतो. त्यानंतरच्या पत्रात गृहप्रवेश होतो. तळमजल्यावरची चुना लावलेली खोली कवी घेतो. वरचा मजला तेथे आधीपासून राहणाऱ्या घुबडाकडेच राहतो.

वास्तव निराळे होते. दोदे मूळचा नीमचा. फाँव्हिएयला आला की तो आँब्र्वा कुटुंबाच्या माँतोबाँ या वाड्यात उतरत असे. टेकडीवरच्या चक्कीत त्याने दिवसच्या दिवस काढले हे खरे; परंतु ती आपल्या मालकीची कधीच झाली नाही, विक्रीचा केवळ मसुदा झाला आणि तोच पुस्तकाच्या आरंभी कामी आला, असे त्याने १८८८ च्या आपल्या आठवणींत मोकळेपणी सांगितले आहे. ही पत्रे १८६६ पासून छापली गेली तीही पॅरिसच्या वृत्तपत्रांतून.

एवढ्यावरून दोदेला खोटा ठरवण्यात आम्हांस रस नाही. कथाकाराला घर कल्पिण्याचा अधिकार आहेच. आमचा प्रश्न वेगळा आहे : चक्कीचे घर व्हायचे तर आधी चक्की मरावी लागते, त्या मरणाची नोंद कोण ठेवतो?

दोदेने ती ठेवली आहे, आणि तीही याच पुस्तकात. 'कॉर्नीय उस्तादाचे गुपित' या कथेत तारास्कोंच्या रस्त्यावर पॅरिसचे लोक वाफेवरची गिरणी काढतात. गावच्या पवनचक्क्या एकामागून एक बंद पडतात. एकट्या कॉर्नीयची पाती मात्र फिरतच राहतात. त्याला कोणी मूठभर गहू देत नाही, तरी संध्याकाळी त्याचे गाढव भरल्या गोण्या घेऊन वाटेने जाताना दिसते. अखेर गुपित फुटते : गोण्यांत असतो पडक्या भिंतींचा चुना-मातीचा राबिट. चक्कीची अब्रू राखण्यासाठी म्हातारा हे सोंग वठवीत असतो. खजील झालेले गावकरी मग त्याच्याकडे गहू नेतात. पण त्याच्या मृत्यूनंतर पाती कायमची थांबतात.

आता खरेदीखताकडे पुन्हा पाहावे. कॉर्नीयच्या नातीचे नाव व्हिव्हेत, आणि विकणाराची पत्नीही व्हिव्हेत कॉर्नीय. म्हणजे कवीने घर घेतले ते बहुधा त्या म्हाताऱ्याच्याच वारसांकडून. शिवाय घुबड वरच्या मजल्यावर बसते ते गळून पडलेल्या राबिटाच्या ढिगांत. मूळ फ्रेंचमध्ये गोण्यांतल्या मालासाठी आणि या ढिगांसाठी शब्द एकच आहे. कवीच्या निवांतपणाच्या माथ्यावर एका कारागिराच्या मानहानीचा ढीग असा पडलेला आहे. हे पुस्तक प्रसन्न म्हणून शिकवले जाते. ही दोन पाने शेजारी ठेवून वाचली तर त्या प्रसन्नतेखालचे दुःख विद्यार्थ्यांच्या सहज लक्षात येईल.

पुढचा इतिहास याहून बोलका आहे. आज 'दोदेची चक्की' म्हणून दाखवली जाते ती साँ-प्येर चक्की १८१४ साली बांधली गेली आणि १९१५ पर्यंत चालली. १९३५ मध्ये डागडुजी करून तेथे दोदेचे संग्रहालय करण्यात आले. याचा अर्थ असा, की पुस्तकातली चक्की वीस वर्षांपूर्वीच निष्प्राण झालेली असताना, पुढे तिच्या जागी दाखवली जाऊ लागलेली ही खरी चक्की गहू दळतच होती, आणि लेखकाच्या मृत्यूनंतरही अठरा वर्षे दळत राहिली. त्या काळात तेथे राबलेल्या माणसांचे नाव वास्तूला मिळाले नाही. ते मिळाले तेथे कधीही न राहिलेल्या कवीला.

अर्थात त्या नावानेच ती वास्तू वाचवली, हेही नाकारता येत नाही. साहित्य वास्तू राखते, पण स्वतःच्या अटींवर : भिंती उभ्या राहतात, कष्टकरी पुसले जातात. दोदेचे मोठेपण आम्हांस यात दिसते, की कल्पनेने चक्कीचा ताबा घेताना त्याने जुन्या धन्याला बाहेर काढले नाही. खरेदीखतानंतर काही पानांतच कॉर्नीय आपल्या रिकाम्या जात्याशेजारी उभा आहे.