नाणेफेक आणि ५०६ मुले

१/ मॅसॅच्युसेट्स, अमेरिका, १९३९. बालगुन्हेगारी रोखण्यासाठी डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या योजनेनुसार केंब्रिज व सॉमरव्हिल येथील समान परिस्थितीतील मुलांच्या जोड्या लावण्यात आल्या. जोडीतील कोणास साहाय्य मिळावे, हे नाणेफेकीने ठरले.

२/ निवडलेल्या मुलांना सरासरी साडेपाच वर्षे समुपदेशकांच्या गृहभेटी, शिकवणी, औषधोपचार व उन्हाळी शिबिरे लाभली. त्यांचे जोडीदार केवळ नोंदींत राहिले.

३/ तीस वर्षांनंतर जोन मॅककॉर्ड यांनी या ५०६ जणांचा शोध घेतला. साहाय्य मिळालेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांनी लाभ झाल्याचे सांगितले. नोंदी मात्र विपरीत होत्या : पुन्हा गुन्हा करण्याचे व मद्यासक्तीचे प्रमाण त्यांच्यातच अधिक आढळले.

४/ तुलनेसाठी दुसरा गट होता, म्हणूनच हे उमगले. अन्यथा लाभार्थ्यांची कृतज्ञताच यशाचा पुरावा ठरली असती.