जिना, लिफ्ट आणि आपण

या स्मरणिकेत कुणी गणेशोत्सवावर लिहिलंय, कुणी पाण्याच्या टाकीवर. मी आपल्या जिन्यावर लिहितो आहे, कारण या जिन्यावरून सर्वसाधारण सभेत मी बरीच वर्षं भांडलो आहे.

आपल्या इमारतींना लिफ्ट का नाही? १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ साली एमआयडीसीची स्थापना झाली. पुढे टेल्को, बजाज यांच्यामागे लहान-मोठी वर्कशॉप्स वाढली आणि गावोगावची तरुण पोरं इथं कामाला लागली. त्यांना राहायला घरं हवीत, म्हणून १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. कामगाराला हप्ता परवडला पाहिजे, तर इमारत तळमजला अधिक तीनची. तेवढ्या उंचीला लिफ्टची सक्ती नव्हती. लिफ्ट नाही म्हणजे गच्चीवर मशीनरूम नाही, विजेचं वाढीव बिल नाही. त्या काळी हा हिशेब चुकीचा नव्हता. राहायला आलेलो आम्ही सगळे पंचविशी-तिशीतले. रात्रपाळी करून आलेला माणूसही दोन-दोन पायऱ्या चढायचा. तिसऱ्या मजल्याला तर मागणी होती. वारा भरपूर, डास कमी.

पायऱ्या तेवढ्याच राहिल्या, आपलं वय वाढलं. मुलं कंपनीच्या बसनं चाकणला जाऊ लागली, त्यांनी मोशी-चिखलीकडे लिफ्टवाल्या उंच इमारतींत फ्लॅट घेतले. आई-वडील इथंच राहिले. वरच्या मजल्यावरच्या काकू हळदीकुंकवाला खाली येईनाशा झाल्या. आजारी माणसाला खुर्चीत बसवून चौघांनी उतरवायचं, हे तर आपण सगळ्यांनीच केलंय.

तरी लिफ्टचा विषय निघाला की मी उठून म्हणायचो, "जो वापरणार, त्यानं भरावं." मी तळमजल्यावरचा. मला लिफ्टचा काय उपयोग?

मग एका पावसाळ्यात माझ्या दारासमोरचं ड्रेनेजचं चेंबर तुंबलं. लाइन बदलावी लागली. खर्च सोसायटीनं केला, म्हणजे तिसऱ्या मजल्यानंही केला. "घाण तुमच्या दारात, तुम्हीच भरा," असं कुणी म्हणालं नाही. मी मात्र मनातल्या मनात ओशाळलो. घरी येऊन उपविधींचं पुस्तक काढलं. त्यात सरळ लिहिलंय : ज्या इमारतीत लिफ्ट आहे, तिथल्या सर्व सभासदांनी तिच्या देखभालीचा आणि चालवण्याचा खर्च सारखाच द्यायचा, वापर असो वा नसो. नवीन लिफ्ट बसवण्याचा खर्च कसा वाटायचा, हे आपल्या सभेनं ठरवायचं आहे. पण तत्त्व तेच धरावं, असं मला वाटतं.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. सिंगापूरमध्ये सरकारी वसाहतींच्या जुन्या इमारतींत लिफ्ट होत्या, पण त्या काही ठरावीक मजल्यांवरच थांबत. २००१ पासून तिथं प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबावी म्हणून कार्यक्रम हाती घेतला गेला. बहुतेक खर्च सरकारनं उचलला, तरीही ७५ टक्के रहिवाशांनी बाजूनं मत दिल्याशिवाय काम सुरू होत नसे. म्हणजे तिथंही आधी शेजाऱ्यांचं मन वळवावं लागलं.

एक गोष्ट मात्र ठराव करण्याआधी पाहावी. जिन्याच्या बाहेरच्या अंगाला लोखंडी सांगाडा उभारून लिफ्ट बसवणं सोपं पडतं, पण मग तिचं दार दोन मजल्यांच्या मधल्या टप्प्यावर उघडतं. घरापर्यंत अर्धा जिना उरतोच. गुडघे दुखणाऱ्याला तेवढाही जड, व्हीलचेअरवाल्याला तर अशक्य. दार घराच्या पातळीलाच उघडेल अशी जागा आधी शोधावी. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाया आणि कॉलम तपासून घ्यावेत. महापालिकेची बांधकाम परवानगी आणि विद्युत निरीक्षकांकडचा परवाना, दोन्ही रीतसर घ्यावेत. महाराष्ट्रात २०१७ पासून लिफ्टसाठी नवा कायदा आहे. त्याआधी १९३९चाच चालत होता.

पंचवीस वर्षांत आपण वर्गणी काढून बरंच काही उभं केलं. येत्या सभेत लिफ्टचा ठराव येईल, तेव्हा त्याला अनुमोदन मी देणार आहे. तळमजल्यावरचा, इतकी वर्षं विरोध केलेला सभासद म्हणून.