धुरकऱ्याचं नाव काय होतं?

आजचा विषय आहे शर्यत. त्यातही 1950 च्या आसपासची शर्यत, आणि ती हाकणारा माणूस.

आज दोन ड्रायव्हर आहेत. एक अर्जेंटिनाचा, दुसरा आपल्या झाडीपट्टीचा. पहिल्याबद्दल सगळं लिहून ठेवलेलं आहे, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो.

हुआन मॅन्युएल फांजिओ. जन्म 24 जून 1911, गाव बालकार्से. बटाट्याच्या शेतीसाठी ओळखला जाणारा हा भाग. आईवडील इटलीहून पोट भरायला आलेले. पोरगा लहानपणीच गॅरेजमध्ये लागला, मेकॅनिक झाला आणि जुन्या गाड्या दुरुस्त करून दक्षिण अमेरिकेच्या कच्च्या रस्त्यांवर हजारो किलोमीटरच्या शर्यती पळवू लागला. 1950 साली फॉर्म्युला वनची जागतिक स्पर्धा सुरू झाली, तेव्हा हा माणूस चाळिशीला टेकला होता. तरी त्याने 1951, 1954, 1955, 1956 आणि 1957 अशी पाच विजेतेपदं मिळवली. जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगवर 1957 साली त्याने एक फेरी 9 मिनिटं 17.4 सेकंदांत मारली. तेव्हा वय होतं 46. तो 1995 साली गेला, पण बालकार्सेमध्ये त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. त्याच्या गाड्या तिथे आहेत, त्याने जिंकलेले कप तिथे आहेत.

म्हणजे पहा, सत्तर वर्षांपूर्वीच्या एका फेरीतला सेकंदाचा दहावा भागसुद्धा आपल्याला माहीत आहे.

आता याच वर्षांत आपल्याकडे या.

झाडीपट्टी म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातला भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीचा जंगलाचा, तळ्यांचा आणि धानाचा मुलूख. फांजिओ पहिलं विजेतेपद जिंकत होता तेव्हा गडचिरोली नावाचा जिल्हाच नव्हता. सगळा मिळून एकच चांदा जिल्हा, आणि तो होता मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. फांजिओ पाचव्यांदा जिंकला तोवर चांदा मुंबई राज्यात आला होता. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. पुढे चांद्याचं चंद्रपूर झालं, आणि 26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली वेगळा झाला. वडशाच्या बाजूचा एखादा माणूस घरातून कुठेही न हलता तीन राज्यांचा आणि दोन जिल्ह्यांचा रहिवासी होऊन गेला.

त्या माणसाची शर्यत म्हणजे शंकरपट. नुसतं 'पट' म्हटलं तरी आपल्याकडे कळतं.

धान कापून, बांधून, मळून झालं की बांध्या मोकळ्या होतात. जमीन वाळून टणक होते. पौष-माघात, संक्रांतीच्या पुढेमागे, गावोगाव पट भरतो. शंकराच्या नावाचा, कारण बैल म्हणजे नंदी. सरळ आखलेली धावपट्टी, एका टोकाला सुटणाऱ्या जोड्या, दुसऱ्या टोकाला पंच, दोन्ही बाजूंना माणसांची भिंत. कुठे दोन जोड्या शेजारी शेजारी सोडतात, कुठे एकेक जोडी घड्याळावर पळवतात. पूर्वी झेंडी आणि पंचांची नजर यांवर निकाल लागायचा. मग स्टॉपवॉच आलं. आता सेकंदाचे बारीक भाग मोजणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र असतं.

जोडी हाकणाऱ्याला म्हणतात धुरकरी. शेताच्या धुऱ्याशी याचा संबंध नाही बरं का. हा गाडीचा धुरा, म्हणजे पुढचा भाग, जिथे जू बांधतात. आपण 'संस्थेची धुरा सांभाळली' म्हणतो, एखाद्याला 'धुरंधर' म्हणतो, ते शब्द याच जुवाच्या घरातले. धुरंधरचा मूळ अर्थच जू वाहणारा. पुढाऱ्यांना आपण तो शब्द देऊन टाकला आणि ज्याचा होता त्याला विसरलो.

धुरकऱ्याचं काम काय? बघणाऱ्याला वाटतं, ओरडायचं आणि बैल पळवायचे. खरं काम तर पट भरायच्या कितीतरी महिने आधी सुरू होतं. दोन बैल वेगळे जीव असतात. एक तापट, एक शांत. एकाचं पाऊल लांब पडतं, दुसऱ्याचं आखूड. दोघांची चाल जुळली नाही तर हलका छकडा एका अंगाला ओढला जातो आणि भर वेगात गर्दीत घुसतो. म्हणून कोण डाव्या अंगाला शोभतो, कोण उजव्या, हे ओळखायचं. ढेप किती, चणा किती, कधी चालवायचं, कधी नुसतं तळ्यात नेऊन धुवायचं, हे ठरवायचं. पटाच्या दिवशी हातात फक्त कासरा. ब्रेक नाही, हेल्मेट नाही. काही सेकंदांत सगळं संपतं.

फांजिओबद्दल सांगतात की मेकॅनिक असल्यामुळे त्याला गाडीच्या आवाजावरून तिचं दुखणं कळायचं. धुरकऱ्याला बैलाच्या कानांवरून आणि श्वासावरून कळतं. फरक एवढाच की फांजिओचं इंजिन थकलं तर नवं बसवता यायचं.

आणि हा माणूस कोण असायचा? कधी घरातलाच पोरगा, कधी मालकाकडचा सालगडी. वर्षभर नांगर, चिखल, रोवणी, आणि माघात तीन दिवस सगळ्या पंचक्रोशीचा हिरो. पट संपला की पुन्हा गोठा.

रात्री त्याच गावात नाटक लागायचं. पटाला पाहुणे यायचे, लेकीजावई यायचे, सोयरिकी जुळायच्या. एवढी माणसं जमली तर रात्र रिकामी कशी जाणार? झाडीपट्टी रंगभूमी वाढली ती या पटांच्या आणि मंडईच्या आधाराने. आज वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटकांचं मुख्य केंद्र आहे, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर प्रयोग चालतात. 2023 साली गडचिरोली जिल्ह्यातले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या सगळ्यांची छाती फुगली होती. रात्रीच्या खेळाचं नाव दिल्लीपर्यंत गेलं.

दिवसाच्या खेळाचं काय? पटात पुकारा होतो तो जोडीच्या मालकाचा आणि गावाचा. बैलांचीही नावं पुकारतात, ती नावं पुढे वीस-वीस वर्षं लोकांच्या तोंडी राहतात. बक्षीस मालकाच्या हातात. बातमीत मालकाचं नाव. फोटोत मालक, बैल आणि पाहुणे पुढारी. कासरा धरणारा फोटोच्या कडेला, बैलाच्या खांद्याआड, अर्धा चेहरा.

मोटारशर्यतीत उलट आहे. तिथे कंपनीचं नाव असतंच, पण अख्खं जग ड्रायव्हरला ओळखतं. असं का? माझ्या मते उत्तर सोपं आहे. तिथे पहिल्या दिवसापासून कोणीतरी वही घेऊन बसलं होतं. कोण, कितव्या क्रमांकावर, किती वेळात. वहीत ड्रायव्हरसाठी रकाना होता. आपल्या पटाच्या वहीत मालकासाठी रकाना होता, कारण जोडी आणायचा खर्च त्याचा आणि मानही त्याचा. जो रकाना आखलाच नाही, त्यातलं नाव इतिहासात कुठून येणार?

आता तुम्ही म्हणाल, दादा, बैलांचं काय? त्यांनाही कोणी विचारलं नव्हतं. बरोबर आहे, आणि हे टाळून पटाची गोष्ट सांगणं खोटं होईल. तुतारी म्हटल्यावर तुम्हाला लग्नातलं वाद्य आठवेल, आपल्या शेतकऱ्याची तुतारी म्हणजे टोकाला आर लावलेली काठी. ती टोचणं, शेपटी पिरगाळणं, चावणं, हे शर्यतींमध्ये होत होतं. 2011 साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून बैलांच्या अशा खेळांवर बंदी घातली, आणि 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींवरही बंदी कायम केली. बैल ओढकामाचा प्राणी आहे, शर्यतीचा नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

2017 साली महाराष्ट्राने कायदा बदलला, तरी प्रकरण कोर्टात अडकून राहिलं. 16 डिसेंबर 2021 ला अटींसह परवानगी मिळाली, आणि 18 मे 2023 ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि बैलाला इजा केली तर शिक्षा आहे.

असा प्रसंग मोटारींवरही आला होता. 11 जून 1955 ला फ्रान्समधल्या ल मानच्या 24 तासांच्या शर्यतीत एक गाडी प्रेक्षकांत उडाली. 80 पेक्षा जास्त माणसं गेली. त्या गाडीच्या लगेच मागे दुसऱ्या गाडीत कोण होतं? फांजिओ. तो थोडक्यात वाचला. त्यानंतर स्वित्झर्लंडने सर्किटवरच्या मोटारशर्यती बंद केल्या, आणि ती बंदी कित्येक दशकं राहिली. म्हणजे शर्यत कोणतीही असो, जीव कोणाचा जातो, त्रास कोणाला होतो, हा प्रश्न तिला कधीतरी विचारला जातोच. तो विचारला गेला म्हणून मोटारशर्यत संपली नाही, हळूहळू सुरक्षित झाली. पटालाही तेच करावं लागेल. आर लावलेली तुतारी ज्याला लागते, तो मुळात चांगला धुरकरी नव्हेच.

या बंदीच्या काळात एक गोष्ट मात्र गुपचूप घडली. कायदेशीर पट भरले नाहीत, त्या वर्षांत नवे पोट्टे धुऱ्यावर बसले नाहीत आणि जुने म्हातारे झाले. 1955 साली जो विशीतला होता तो आज नव्वदीच्या घरात आहे. बोलायला माणूसच उरला नाही, तर त्या काळाचं काय उरणार? मालकांच्या घरी ढाली आहेत, कप आहेत. धुरकऱ्याच्या घरी काही नाही. त्याची सगळी कारकीर्द त्याच्या डोक्यात आहे.

थोडी आशाही आहे. अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरच्या पटात बायाही जोडी हाकतात, आणि 'महिला धुरकरी' असा शब्द बातम्यांत येतो. हाकणाऱ्याचं नाव छापायला सुरुवात झाली की सवय लागते.

म्हणून आज तुम्हाला एक काम देतो. तुमच्या खिशात रेकॉर्डर आहेच. घरी, शेजारी, मामाच्या गावी कोणी आबाजी असतील ज्यांनी कधी पटात जोडी हाकली, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. 'आबाजी, पटाचं सांगा' एवढंच म्हणा. पहिल्यांदा कासरा कोणी हातात दिला? बैलांची नावं काय होती? कोणत्या गावचा पट हरला ते अजून खुपतं? बक्षिसातलं तुम्हाला काय मिळालं? हा शेवटचा प्रश्न नक्की विचारा. मध्ये बोलू नका, त्यांना बोलू द्या. फाइलला त्यांचं पूर्ण नाव, गाव आणि तारीख द्या, आणि दुसऱ्या कोणाकडे तरी एक प्रत ठेवा, कारण फोन हरवतात.

यंदा पटाला गेलात तर समितीवाल्या काकांना एक विनंती करा. पुकारा करताना मालकाच्या नावानंतर धुरकऱ्याचंही नाव घ्या. माईक चालूच असतो, दोन शब्द जास्त लागतात, पैसा एक लागत नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि आबाजींना वेळ द्या. राम राम!