डिझेलचे हेड आणि वाघोलीचे पाणी

पुण्याहून नगर रस्त्याने निघाले की खराडी मागे पडते आणि वाघोली येते. २०२१ साली हे गाव पुणे महापालिकेत आले. त्याआधी कितीतरी वर्षे ते खनिजांच्या अभ्यासकांना देशोदेशी ठाऊक होते, ते तिथल्या दगडखाणींमुळे. बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या कॅव्हन्साइट या निळ्याशार खनिजाचे जगातले सर्वांत देखणे नमुने इथले आहेत. १९६७ साली हे खनिज प्रथम अमेरिकेतील ओरेगनमध्ये सापडले. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन हे तिन्ही घटक त्याच्या नावातच दडलेले आहेत. यांपैकी कॅल्शियम तेवढे लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे.

२०१८ च्या एप्रिलमध्ये मी वाघोलीला गेलो तो हे दगड पाहायला. दिवस गेला मात्र रस्त्याकडेच्या एका गॅरेजमध्ये. तिथे एक जुना टिपर उभा होता. त्याचे इंजिन टाटा ६९७. या आकड्याचा अर्थ विद्यार्थ्यांना सांगण्यासारखा आहे: सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. दट्ट्याची धाव १२८ मिलिमीटर घेऊन वर्गात गुणाकार करावा, म्हणजे इंजिनाचे आकारमान ५.६७ लिटर निघते. टिपरचा मालक स्वतःच गाडी चालवणारा होता. तक्रार एवढीच, की गाडी पाणी खाते. दीड महिन्यात दुसऱ्या ठिकाणी दोनदा हेड उतरवून गॅसकेट बदलले होते, आणि दोन्ही गॅसकेटे जळाली होती. गाडी उभी राहिली तरी बँकेचा हप्ता उभा राहत नाही, हे तो दोनतीनदा म्हणाला.

हेड म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण. या इंजिनात सहाही सिलिंडरांवर मिळून बिडाचे एकच लांब हेड असते. त्यात झडपा बसतात, डिझेल फवारणारे नोझल बसते आणि आतल्या पोकळ वाटांतून पाणी खेळते. हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये गॅसकेटचा पातळ पत्रा. ज्वलनाच्या वेळी सिलिंडरातला दाब वातावरणाच्या ८० पट धरला, तर ९७ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर सुमारे सहा टनांचा जोर येतो. मिनिटाला २००० फेरे असतील तर प्रत्येक सिलिंडरात हा तडाखा मिनिटातून हजार वेळा बसतो. एवढे सोसून त्या पत्र्याने वायू, पाणी आणि तेल एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. गॅसकेट जळते याचे नवल नाही. ते वर्षानुवर्षे टिकते हेच नवल.

रुडॉल्फ डिझेलला ही अडचण पहिल्यापासून भोवली. १८९३ च्या फेब्रुवारीत त्याला जर्मनीत एकस्व मिळाले. हवा पुरेशी दाबली तर ती इतकी तापेल की इंधन ठिणगीशिवाय पेटेल, ही त्याची कल्पना. आजच्या इंजिनात हवा सतराएक पट दाबली जाते आणि ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. पण डिझेलचा मूळ हिशेब सैद्धांतिक होता. आदर्श उष्णता-इंजिनात उष्णता वाया जाता कामा नये, तेव्हा सिलिंडर थंड करायचाच कशाला, असे त्याचे म्हणणे. म्हणून ऑग्सबर्गच्या कारखान्यात बांधलेल्या पहिल्या यंत्राला पाण्याचे आवरण नव्हते. १० ऑगस्ट १८९३ रोजी त्यात प्रथम इंधन सोडले, तेव्हा स्फोट होऊन दाब मोजणारे उपकरणच फुटले; डिझेल थोडक्यात वाचला. पुढच्या यंत्राला पाण्याचे आवरण द्यावे लागले. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी प्राध्यापक मोरित्झ श्र्योटर यांनी नव्या इंजिनाची चाचणी घेतली आणि कार्यक्षमता २६.२ टक्के भरली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या मानाने ही फारच मोठी मजल होती. तरीही इंधनातली जवळजवळ तीन चतुर्थांश उष्णता धुरातून आणि पाण्यातून निघून जात होती. पाण्याने ती नेली नाही तर ती हेडमध्ये साठते. मला तरी डिझेल इंजिनाचा पुढचा सारा इतिहास याच न मावणाऱ्या उष्णतेचा वाटतो.

ही ऊब ट्रकमध्ये बसायला आणखी पाव शतक लागले. १९०९ साली प्रॉस्पर लोरांज याने हेडमध्येच एक छोटी पूर्वज्वलन कोठी काढली. इंधन आधी तिथे पेटे आणि मग सिलिंडरात उसळे. १९२० नंतरच्या दशकात जर्मनीत डिझेल ट्रक धावू लागले, आणि १९२७ मध्ये बॉशचा इंधनपंप मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला.

आपल्याकडे पहिल्यांदा रुळले ते शेतातले इंजिन. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. विहिरीवरच्या एका सिलिंडरच्या इंजिनाने खेड्यापाड्यांत हेड, नोझल, रिंगा हे शब्द मराठी करून टाकले. ट्रक आले ते १९५४ मध्ये, टेल्को आणि डाइम्लर-बेंझ यांच्या पंधरा वर्षांच्या करारातून, जमशेदपूरला. त्यांच्या इंजिनांत लोरांजची पूर्वज्वलन कोठी होती. १९६४ साली मर्सिडीजने ९७ बाय १२८ मापाचे, थेट सिलिंडरात इंधन फवारणारे इंजिन आणले. ६९७ त्याच घराण्यातले. या बदलाने हेड सुटसुटीत झाले, पाण्यात जाणारी उष्णता घटली आणि डिझेलची बचत झाली. करार १९६९ मध्ये संपला, पण इंजिनाचे घराणे इथेच राहिले. टेल्कोचा पुण्याचा कारखाना १९६६ पासून उभा राहिला आणि १९७७ मध्ये तिथून पहिली व्यापारी गाडी बाहेर पडली. इंजिन चालवायला शिकवणाऱ्या पुस्तिका होत्या. बिघाड ओळखण्याची विद्या मात्र बरीचशी उस्तादाच्या हाताखाली शिकली गेली.

आता गॅरेजकडे येऊ. मिस्त्रींनी हेडला हात लावला नाही. आधी फॅनचा पट्टा काढला, म्हणजे पाण्याचा पंप फिरणार नाही आणि पाणी उगाच ढवळले जाणार नाही. थंड रेडिएटरचे झाकण उघडून पाणी काठोकाठ भरले आणि इंजिन सुरू केले. काही सेकंदांतच बुडबुडे येऊ लागले. (गरम इंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडू नये. आत दाबाखाली असलेले पाणी ११० अंशांनाही उकळत नाही, पण झाकण निघताच उसळून अंगावर येते.)

माझ्यातला रसायनशास्त्राचा विद्यार्थी जागा झाला. हे बुडबुडे सिलिंडरातल्या धुराचे असतील तर त्यांत कार्बन डायऑक्साइड असणार! दुसऱ्या दिवशी मी चुन्याची निवळी घेऊन गेलो. गाडी नुकतीच थोडी चालवून आणली होती. झाकण काढण्याइतकी निवू दिल्यावर नरसाळे पालथे घालून, नळीने वायू निवळीत सोडला. निवळी दुधाळ झाली. मी विजयी मुद्रेने पाहिले.

मिस्त्री म्हणाले, "सर, गाडी गरम होती. गरम पाण्याला बुडबुडे येणारच. थंडीत करून बघा."

ते बुडबुड्यांविषयी बोलत होते, पण माझ्या प्रयोगातली खोट मला तेव्हा दिसली. वाघोलीचे बोअरचे पाणी जड. बेसाल्टमधल्या खनिजांतले कॅल्शियम त्यात बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेले असते. असे पाणी तापले की बायकार्बोनेट फुटून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसते. म्हणजे हेड शाबूत असते तरी माझी निवळी दुधाळ झाली असती. तिसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर पहिल्या अर्ध्या मिनिटात प्रयोग केला. निवळी पुन्हा दुधाळ झाली. आता त्या दुधाळपणाला अर्थ होता.

पुढचे काम मिस्त्रींचे. इंजिन मंद चालू ठेवून त्यांनी एकेका नोझलच्या नळीची चुडी फडक्याखाली सैल केली. त्या सिलिंडरात ज्वलन थांबते, बाकीचे पाच चालूच राहतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा वर्गात शिकवतो तो नियम इथे तेलकट हातांनी पाळला जात होता. पहिल्या चारांना बुडबुड्यांत फरक नाही. पाचव्याला ते कमी झाले, सहाव्याला आणखी कमी. पूर्ण थांबले नाहीत, कारण ज्वलन नसले तरी हवा दाबली जातच असते. (मुलांना हे करू देऊ नये. दाबाने उडालेले डिझेल कातडीत शिरते.)

हेड उतरले तेव्हा पाचव्या आणि सहाव्या सिलिंडरांच्या मधून पाण्याच्या भोकापर्यंत गॅसकेटवर काळी वाट दिसली. सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेजची पाती घातली, तर मागच्या टोकाला फट निघाली. हेड वाकले होते. पाऊण मीटर लांब आणि दहा सेंटिमीटर उंच बिडाची तुळई घेऊ. तिची खालची बाजू वरच्यापेक्षा १०० अंशांनी तापली, तर प्रसरणाने ती मोकळी असताना मध्यभागी जवळजवळ पाऊण मिलिमीटर वाकेल. बोल्ट तिला वाकू देत नाहीत, म्हणून ती आतल्या आत दबते. तापलेला भाग दबून बसला आणि मग निवू लागला, की तिथे ताण येतो. उकळत्या रेडिएटरमध्ये घाईने गार पाणी ओतले की हा ताण एकदम येतो, आणि झडपांमधल्या अरुंद पुलावर तडा जातो.

तडा शोधण्याची रीत मला सर्वांत आवडली. मिस्त्रींनी हेडवर रॉकेल चोळले, पुसून कोरडे केले आणि वर खडूची पूड फासली. थोड्या वेळाने सहाव्या सिलिंडरच्या दोन झडपांमध्ये ओलसर रेघ उमटली. तड्यात मुरलेले रॉकेल खडूने शोषून वर आणले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वेच्या कारखान्यांत आस आणि चाके तपासायला तेल आणि खडूचीच पद्धत वापरत. आजची तडे शोधणारी रंगीत द्रव्ये तिच्याच वंशातली. शाळेत दुसरे काही नसले तरी खडू असतोच.

आधीच्या दोन्ही वेळा हेड घासून सपाट केले होते. दर वेळी थोडे बीड जाते, आणि झडपा दट्ट्याच्या जवळ येतात. त्यात आता तडा. हे हेड संपले होते. मालकाचा चेहरा पाहवत नव्हता. जुन्या बाजारातले एक हेड मिळाले, तेही रॉकेल आणि खडूने तपासून घेतले.

पण मिस्त्री थांबले नाहीत. "गॅसकेट जळलं ते दिसलं, का जळलं ते बघायला नको?" ब्लॉकच्या बाजूचे गोल बूच काढले. मागच्या दोन सिलिंडरांभोवतीची पोकळी पांढऱ्या-तपकिरी थराने निम्मी भरलेली होती. पंप पुढे असतो आणि पाणी मागे सर्वांत शेवटी पोचते, म्हणून गाळ तिथेच बसतो. या क्षारांची उष्णतावाहकता बिडाच्या तिसाव्या हिश्श्याच्या आसपास असते, म्हणजे मिलिमीटरभर थर हा तीन सेंटिमीटर बिडाइतका अडसर. शिवाय पूर्वी कुणी तरी "गाडी गार राहावी" म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला होता. त्यामुळे पाणी रेडिएटरला वळसा घालून आडवाटेने परत इंजिनात जात होते. खाणीचा चढ चढताना पाण्याला ५० किलोवॉट उष्णता न्यावी लागते असे धरा. रेडिएटरने ती बाहेर टाकली नाही, तर २० लिटर पाणी ३० अंशांपासून दोन मिनिटांच्या आत उकळी गाठेल. हे गणित नववीच्या वर्गाला देता येईल.

पोकळ्या खरवडून, धुऊन काढल्या, थर्मोस्टॅट बसवला. जुन्या गॅसकेटचे चिकटलेले तुकडे मिस्त्री कोरडेच खरवडू लागले तेव्हा मी त्यांना थांबवले. जुन्या गॅसकेटांत ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुप्फुसात राहते. पाणी मारून खरवडा म्हटले, ते त्यांनी ऐकले. या कामात माझा उपयोग झाला तो एवढाच.

बोल्ट आवळले ते मधून कडेकडे, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने. भिंतीवर नकाशा चिकटवताना आपण मधून बाहेर हात फिरवतो तसे. टोकापासून सुरुवात केली तर फुगा मध्ये राहतो. दोनशे किलोमीटर चालवून गाडी पुन्हा आणायला सांगितली. गॅसकेट दबून बसल्याने बोल्ट थोडे सैल होतात, ते पुन्हा आवळावे लागतात.

निघताना मालकाने विचारले, "सर, मग पाणी कुठलं घालू?" कूलंट आणि शुद्ध पाणी, मी सांगितले. तो हसला. खाणीवर टँकर येतो तो बोअरचाच. मग ठरले असे, की एकदा शुद्ध पाणी आणि कूलंट भरायचे आणि गळती होऊ द्यायची नाही, म्हणजे रोज बोअरचे पाणी घालायची वेळच येणार नाही. शुद्ध पाण्याचा एक डबा त्याने सीटखाली ठेवून दिला.

कॅव्हन्साइट त्या खेपेला मिळाले नाही. ब्लॉकमधून निघालेल्या थराचा एक तुकडा मी घेऊन आलो. त्यावर पातळ आम्ल टाकले की तो फसफसतो.